सेंट लुशिया: पिटॉनच्या पायथ्याशी, चौथी भिंत नसलेल्या खोलीत

कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुशियात रिसॉर्ट निवडण्याआधी बेटाचं टोक निवडावं लागतं. बेट उत्तर-दक्षिण जेमतेम ४३ किलोमीटर, पण मधे सगळा डोंगर आणि रस्ते वळणावळणांचे. उत्तरेला रॉडनी बे आणि ग्रोझ इले: फिकट वाळू, सपाट किनारा, दुकानं, बार, मोठाली ऑल-इन्क्लुझिव्ह (राहणं-खाणं-पिणं सगळं एकाच दरात धरलेली) रिसॉर्टं. नैऋत्येला सूफ्रिएर: समुद्रातून सरळ वर उठलेले दोन पिटॉन, म्हणजे डोंगरसुळके, काळपट वाळू, किनाऱ्यालगतचं प्रवाळ आणि बेटावरचे सगळ्यात महागडे मुक्काम. आम्ही आधी सूफ्रिएर आणि मग उत्तर असा क्रम ठेवला. मोठा विमानतळ दक्षिणेला आहे, त्यामुळे दमूनभागून उतरल्यावर सूफ्रिएरची खोली तासाभरात गाठता येते.

पहिला दिवस: विमानतळ ते खोली

न्यूयॉर्क, मायामी, टोरांटो, लंडन इथून ह्यूअनोरा विमानतळावर थेट विमानं येतात. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्यांना लंडनमार्गे किंवा अमेरिकेमार्गे यावं लागतं, म्हणजे वाटेतल्या देशाचा व्हिसाही बघावा लागतो. अमेरिकेत एच-१बी ह्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट आधीच सांगतो. पासपोर्टावरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असताना कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन परत येण्याची जी सवलत असते, ती एच-१बी वाल्यांना कॅरिबियन बेटांसाठी लागू नाही. बेटांची मुभा फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (देवाणघेवाण कार्यक्रम) व्हिसावाल्यांना आहे. ‘इथून चार तासांवर तर आहे’ म्हणून शिक्का न बघता तिकीट काढलं, तर परतीच्या विमानात बसूच देणार नाहीत.

बरीचशी विमानं दुपारच्या दोन-तीन तासांत लागोपाठ उतरतात, त्यामुळे इमिग्रेशनची रांग नशिबावर. टॅक्सीला मीटर नसतो. दर ठरलेले असतात आणि आकडा बसण्याआधी तोंडाने वदवून घ्यायचा, सोबत ‘यूएस की ईसी?’ हा प्रश्न विचारूनच. ईसी म्हणजे ईस्टर्न कॅरिबियन डॉलर; एका अमेरिकन डॉलरला २.७० असा त्याचा बांधलेला दर आहे. ‘ऐंशी’ एवढंच ऐकून बसलात तर उतरताना वाद ठरलेला.

गाडी डावीकडून चालते, आपल्यासारखीच. लॅबरी आणि श्वाझेल ही गावं मागे पडली की वळणं सुरू होतात. ज्यांना गाडी लागते त्यांनी विमानातून उतरतानाच अ‍ॅव्होमिन घ्यावी. गाडीत बसल्यावर घेऊन काही होत नाही. आमचा चालक साठीचा, बोलका. आपण भारतीय म्हटल्यावर त्याने थेट २४ जून २०२४ वर उडी मारली. ग्रोझ इलेच्या डॅरेन सॅमी मैदानावर रोहित शर्माने ऑस्ट्रेलियाला ४१ चेंडूंत ९२ मारल्या तो दिवस. कोणता षटकार कुठल्या स्टँडवर गेला हे दाखवायला त्याने स्टिअरिंगवरचा एक हात सोडला, तेव्हा मात्र विषय बदलणं भाग पडलं.

रिसॉर्टात पोचलं की गार, ओला नॅपकिन आणि रम पंच हातात येतो. ह्या पंचाचं जुनं प्रमाण सगळ्या कॅरिबियनभर चालतं: एक भाग आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पातळ. म्हणजे लिंबाचा रस, साखरेचा पाक, रम आणि पाणी किंवा फळांचा रस, वरून किसलेलं जायफळ. गोडव्यात रम कळत नाही, उपाशीपोटी दुसरा ग्लास घेऊ नये. खोली तीन वाजल्याशिवाय मिळत नाही, म्हणून पोहण्याचे कपडे आणि चपला हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. कार्डावर अनामत रक्कम अडकवून ठेवतात, ती सुटायला नंतर कित्येकदा आठवडा जातो. डेबिट कार्ड चुकूनही देऊ नका.

सूफ्रिएरच्या महागड्या मुक्कामांमध्ये दोन वेगळे पंथ आहेत आणि फोटो बघून हे लक्षात येत नाही. जेड माउंटन किंवा लदेरा इथे डोंगरावर खोल्या आहेत आणि समुद्राकडची चौथी भिंतच नाही. पलंगावरून समोर पिटॉन, मधे काच नाही, पडदा नाही. जेड माउंटनमध्ये टीव्ही आणि फोनही नाही. दुसरीकडे शुगर बीच हे दोन पिटॉनच्या बेचक्यात, किनाऱ्यावर. बंद, वातानुकूलित व्हिला आणि दिमतीला बटलर. हंगामात दोन्हीकडे रात्रीला हजार डॉलरच्या वर सहज जातं आणि वर कर व दहा टक्के सेवाशुल्क वेगळं.

भिंत नसलेली खोली अप्रतिम असते, पण ती सगळ्यांसाठी नाही. रात्री गारवा वाऱ्यावर अवलंबून. संध्याकाळी हाउसकीपिंगवाले येऊन मच्छरदाणी सोडून जातात, ती नीट खोचलेली आहे का हे स्वतः बघावं. अंधार पडला की झाडावरचे इवलेसे बेडूक शिट्ट्या मारायला लागतात, ते पहाटेपर्यंत. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी कानात घालायचे बोळे न्यावेत. लहान मुलं असतील तर अशी खोली नकोच. कठड्याच्या पलीकडे दरी असते आणि बऱ्याच ठिकाणी मुलांना घेतही नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांनी बुकिंग करतानाच ‘खोलीपासून किनाऱ्यापर्यंत किती पायऱ्या?’ असं लिहून विचारावं. शटल गाडी असते, पण ती बोलावून येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातात.

दुसरा दिवस: किनारा

सकाळी न्याहारीच्या टेबलावर पहिला पाहुणा पक्षी असतो. काळाकुळकुळीत, गळ्याखाली विटकरी ठिपका, चिमणीपेक्षा थोडा मोठा. हा बुलफिंच कपाच्या कडेवर बसतो, मान तिरकी करून तुमच्याकडे बघतो, साखरेची पुडी चोचीत धरून टेबलाच्या काठावर नेतो, पायाखाली दाबतो आणि कोपरा फाडून आतली साखर टिपतो. वेटर बाई फडकं हलवून हाकलतात, पण त्यात जोर नसतो; तो रोजचाच आहे. उघड्या खोलीत फळं, बिस्किटं बाहेर ठेवली तर हीच गत. त्यासाठी झाकणाचा डबा दिलेला असतो.

सूफ्रिएर पश्चिमेला आणि पाठीशी डोंगर, त्यामुळे किनाऱ्यावर ऊन उशिरा येतं. नऊपर्यंत सावलीत निवांत चालता येतं. इथली मूळ वाळू ज्वालामुखीची, राखाडी-काळी. शुगर बीचवरची पांढरी वाळू बाहेरून आणून टाकलेली आहे. काळी वाळू दुपारी एवढी तापते की अनवाणी दहा पावलं टाकवत नाहीत. पाण्यात घालायचे रबरी बूट घ्या; ते समुद्री साळूच्या काट्यांपासूनही वाचवतात.

सेंट लुशियातले सगळे किनारे सार्वजनिक आहेत. रिसॉर्टची मालकी खुर्च्या, छत्र्या आणि सेवेवर, वाळूवर नाही. म्हणून हजार डॉलरच्या खोलीसमोरही एखादा माणूस कयाकमधून येऊन नारळ, शंख, मसाल्याच्या माळा विकतो. त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही, त्याचा हक्क आहे. एकदा हसून ‘नको, धन्यवाद’ म्हटलं की तो पुढे जातो. ‘नंतर बघू’ म्हटलं तर तो खरंच नंतर येतो. आणि कोणाशीही बोलताना आधी ‘गुड मॉर्निंग’, मग काम. सरळ ‘टॉवेल कुठे मिळेल?’ असं विचारलं तर उत्तर मिळतं, पण कोरडं.

किनाऱ्यावरच्या एका झाडाची ओळख पटवून घ्या: मँचिनील. फळ लहानशा हिरव्या सफरचंदासारखं, गोड वासाचं आणि जहाल विषारी. चिकाने अंगावर फोड येतात. पाऊस आला म्हणून ह्या झाडाखाली उभं राहिलं, तर पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही कातडी भाजते. बऱ्याच ठिकाणी बुंध्यावर लाल पट्टा किंवा पाटी असते, सगळीकडे नसते. मुलांना खाली पडलेलं कुठलंच फळ उचलू देऊ नये.

स्नॉर्कलिंगसाठी इथे बोटीचीही गरज नाही. आन्स शास्तने किनाऱ्यापासून काही हातांवरच प्रवाळ सुरू होतं. मेंदूसारख्या घड्यांचं प्रवाळ, जांभळे समुद्रपंखे, चोचीने खडक कुरतडणारे पोपटमासे (तो कुरकुर आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो), पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर नावाचे मासे. हा सगळा भाग १९९५ पासून सूफ्रिएरच्या सागरी व्यवस्थापन क्षेत्रात येतो. बोटींनी नांगर टाकायचा नाही, ठरलेल्या बोयांना (पाण्यावर तरंगत्या खुणांना) बांधायचं, आणि डायव्हिंगसाठी शुल्क भरायचं. सकाळी नऊ ते अकरा पाणी सगळ्यात नितळ. रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर नदीचा गढूळ लोट खाडीत उतरतो आणि दिवसभर काही दिसत नाही, तेव्हा त्या दिवशीची बोट पुढे ढकला. मास्क स्वतःचा न्यावा. रिसॉर्टातले फुकट असतात, पण रबर कडक झालेलं असलं की पाणी शिरतं. दाढी-मिशीवाल्यांनी ओठावर थोडं व्हॅसलीन लावलं की गळती थांबते.

सार्गासम नावाचं तपकिरी समुद्रशैवाल २०११ पासून कॅरिबियनमध्ये ढिगांनी येऊ लागलं आहे. कुजलं की सडक्या अंड्यांचा वास आणि किनाऱ्यावर घोटाभर थर. वसंतापासून उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत त्याचा जोर. इथे ते अटलांटिककडच्या, म्हणजे पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यांवर साचतं. पश्चिम बाजू बहुतेक वेळा सुटते. एप्रिल ते ऑगस्टमध्ये जात असाल तर स्वस्त दर बघून पूर्वेकडचं रिसॉर्ट घेऊ नका.

जेवणाचं. शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, पण आधी ईमेल करून नेमकं कळवावं लागतं: मांस नाही, मासे नाहीत, मांसाचा स्टॉकही नाही. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं की मासे चालतील असं धरणारे पुष्कळ. कॅलालू सूप म्हणजे अळूच्या पानांचं सूप. कोकणातल्या माणसाला पहिल्या चमच्यात आपलं फतफतं आठवेल. पण त्यात खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं मांस पडलेलं असू शकतं, म्हणून विचारूनच घ्यायचं. राष्ट्रीय पदार्थ आहे ग्रीन फिग आणि सॉल्टफिश: उकडलेली कच्ची केळी आणि खारवलेला मासा, कांदा-मिरचीवर परतलेला. सुकी मासळी आवडणाऱ्यांनी तो रिसॉर्टात नाही, गावात खावा. आणि नीरफणस! निखाऱ्यावर अख्खा भाजून, साल काढून, मीठ-लोणी लावून देतात. हे झाड इथलं नव्हे. कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये पॅसिफिकमधून कॅरिबियनमध्ये आणलं, ऊसमळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खाऊ घालायला.

रात्रीच्या जेवणाला पुरुषांनी लांब पँट आणि बंद बूट असा नियम चांगल्या रिसॉर्टात असतो आणि पाळला जातो. लष्करी छापाचे, हिरव्या ठिपक्यांचे कपडे मात्र बॅगेतच भरू नका, इथे ते कायद्याने मना आहेत, मुलांच्या टोप्यासुद्धा.

तिसरा दिवस: ग्रो पिटॉन आणि गंधकाची झळ

दोन पिटॉनपैकी उंच दिसतो तो पती पिटॉन, पण तो ७४३ मीटर. ग्रो पिटॉन ७९८. दोन्ही मिळून २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांच्या मधल्या दरीत रिसॉर्ट बांधायला कवी डेरेक वॉलकॉट (१९९२ चं साहित्याचं नोबेल, जन्म राजधानी कॅस्ट्रीजचा) ह्यांनी कडाडून विरोध केला होता; रिसॉर्ट झालंच. त्याआधी तिथली जमीन लॉर्ड ग्लेनकॉनर ह्या हौशी ब्रिटिश उमरावाकडे होती आणि त्याने तिथे बूपा नावाचा हत्ती पाळला होता.

ग्रो पिटॉनची चढाई फाँ जाँ लीब्र ह्या वाडीतून सुरू होते. गुलामगिरीतून निसटलेल्यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी इथे आसरा घेतला होता आणि आजचे गाईड ह्याच वाडीतले. गाईड घ्यावाच लागतो, शुल्क माणशी पन्नास डॉलरच्या आसपास. रिसॉर्टमार्फत घेतलं की गाडीसकट दुप्पट-तिप्पट होतं. जाऊन-येऊन चार ते पाच तास. पहिला अर्धा भाग सोपा, वळसा घेत जाणारा. मधल्या टप्प्यावर पती पिटॉन समोर उभा राहतो आणि बरेच जण तिथूनच परततात, त्यात कमीपणा नाही. उरलेला अर्धा भाग म्हणजे मांडीएवढ्या उंचीचे दगड आणि मुळं. सह्याद्रीत फिरणाऱ्याला चढ जड नाही. दमवते ती दमट हवा. माणशी दोन लिटर पाणी, पकड असलेले बूट, उतरताना गुडघ्यांसाठी काठी. सकाळी सातपर्यंत निघावं, कारण दहानंतर माथा ढगात जातो आणि एवढं चढून समोर पांढरा पडदा दिसतो.

ज्यांना हे नको त्यांनी टेट पॉलची पायवाट करावी. पाऊण तास, पायऱ्या बांधलेल्या, आणि दोन्ही पिटॉन एका चौकटीत. खरं सांगायचं तर फोटो इथूनच जास्त चांगले येतात.

दुपारनंतर सल्फर स्प्रिंग्ज, म्हणजे ज्वालामुखीचे गंधकाचे झरे. गाडी जवळजवळ विवराच्या तोंडाशी जाते. उकळत्या काळ्या डबक्यांपर्यंत पूर्वी चालत जाता यायचं. एका गाईडच्या पायाखालची जमीन खचून तो भाजला, तेव्हापासून कठड्याबाहेरून बघायचं. खालच्या अंगाला चिखलस्नानाचे हौद आहेत. क्रम असा: आधी गरम पाण्यात, मग बादलीतला राखाडी चिखल अंगाला फासायचा, उन्हात वाळू द्यायचा, परत पाण्यात. चांदीचे दागिने आधीच काढा, गंधकाने काळे पडतात. मंगळसूत्रात चांदी किंवा मुलामा असेल तरीही. पोहण्याचे कपडे जुने, गडद रंगाचे. डाग आणि वास दोन्ही दोन धुण्यांत जात नाहीत.

संध्याकाळ लवकर होते. डिसेंबरात पावणेसहालाच सूर्य बुडतो आणि संधिप्रकाश जेमतेम वीस मिनिटं. त्याच वेळी वाळूवर डोळ्यांना न दिसणारी चिलटं निघतात, घोट्यांना चावतात, खाज चार दिवस राहते. पाचनंतर किनाऱ्यावर बसायचं तर पायांना डीट (किडे दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम हवंच. डेंग्यू इथेही आहे.

चौथा दिवस: उत्तरेकडे, आणि शुक्रवारची रात्र

सूफ्रिएरहून उत्तरेला वॉटर टॅक्सी घ्यावी. रस्त्याने दीड तासाच्या वर जातो, बोटीने साधारण पाऊण तास, शिवाय किनारा समुद्रातून बघायला मिळतो. सामान प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत गुंडाळा, तुषार आत येतातच.

कॅस्ट्रीजच्या बाजारात थांबलो. लाल छपराखालच्या ओट्यांवर जायफळ जायपत्रीसकट, दालचिनीचे जाड तुकडे, केळ्याचं केचप आणि कोकोच्या कांड्या. ह्या कांड्या घ्याच. भाजलेला कोको वाटून, वळून सुकवलेला, तेल तसंच ठेवून. विकणाऱ्या आजींनी कृती सांगितली: कांडी किसायची, पाण्यात दालचिनी, तमालपत्र, जायफळ घालून उकळायची, मग दूध-साखर, आणि शेवटी थोडं पीठ कालवून दाटपणा. ‘उकळी फुटल्यावर दहा मिनिटं तरी, नाहीतर घशात खरखरतं.’ दुकानातली कोको पावडर ह्याच्या जवळपासही येत नाही.

बाजाराच्या मागच्या गल्लीत रोटीची टपरी. डाळ, बटाटा किंवा चिकनची पिवळी करी पातळ पोळीत गुंडाळलेली. १८५९ पासून इथे ऊसमळ्यांवर भारतीय कंत्राटी मजूर आणले गेले. भाषा जवळजवळ विरली, रोटी मात्र साऱ्या बेटाची झाली.

शुक्रवारी रात्री ग्रोझ इलेच्या गल्ल्यांत जत्रा भरते: रस्त्यात भट्ट्या, कोंबडी, मासे, कानठळ्या बसवणारे स्पीकर. आन्स ला रे ह्या कोळीगावातली ‘फिश फ्रायडे’ त्यापेक्षा शांत, आणि खाण्यासाठी तीच चांगली. पैसे ईसीमध्ये, सुटे. परतीची टॅक्सी जातानाच ठरवून ठेवा.

ऑल-इन्क्लुझिव्हबद्दल आमचं मत इथेच पक्कं झालं. सूफ्रिएरला डोंगरावर राहणार असाल तर निदान न्याहारी आणि रात्रीचं जेवण धरलेलं पॅकेज घ्या, कारण प्रत्येक वेळी खाली उतरायला टॅक्सी लागते. रॉडनी बेला राहणार असाल तर नुसती खोली घ्या. चालत दहा मिनिटांवर जेवायच्या दहा जागा आहेत आणि एकाच बुफेच्या तिसऱ्या रात्री सगळ्या भाज्यांची चव एक होते.

निघायचा दिवस

पहाटे सर आली, दहा मिनिटांत ऊन पडलं. कोरडा हंगाम जानेवारी ते मे. वादळांचा १ जून ते ३० नोव्हेंबर. ऑक्टोबर २०१० च्या अखेरीस टोमास वादळाने सूफ्रिएरचे रस्ते दरडींखाली गेले होते. पावसाळ्यातले दर मोहात पाडणारे असतात. घ्यायचे तर वादळाचं नाव जाहीर होण्याआधी काढलेल्या विम्यासकटच.

बिल आदल्या रात्रीच मागून घ्या. मिनीबार, ‘बटलरने सुचवलेली’ खास जेवणं आणि रद्द केलेल्या बोटी ह्या तीन ओळी नीट वाचा. दहा टक्के सेवाशुल्क लागलेलं असलं तरी खोली आवरणाऱ्या बाईंना वेगळं पाकीट द्यायची पद्धत आहे. डायव्हिंग केलं असेल तर शेवटच्या डुबकीनंतर किमान १८ तास विमान नको.

उत्तरेहून विमानतळ दीड तास, वाटेत एखादा ट्रक अडकला तर दोन. विमानाच्या चार तास आधी निघालं की घाई होत नाही. निर्गमन कर तिकिटातच असतो. इथली वीज २४० व्होल्टची आणि पिना ब्रिटिश पद्धतीच्या तीन चौकोनी, म्हणून अमेरिकेतून आणलेला केस वाळवायचा ड्रायर नुसत्या अडॅप्टरवर लावला तर जळतो. भारतातल्या चार्जरना मात्र नुसता अडॅप्टर पुरतो. अमेरिकेत परतताना ताजी फळं, आंबेही, कस्टममध्ये काढून घेतात. कोकोच्या कांड्या आणि अख्खे मसाले फॉर्मवर लिहिले की जाऊ देतात. रम आणि केळ्याचं केचप चेक-इन बॅगेत, टॉवेलात गुंडाळून.